यंदा मांडव ठेंगणा

उपचारांच्या शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात एक कागद ठेवला. डाव्या हाताने काय काय करायचं नाही, त्याची यादी होती. वजन उचलायचं नाही. त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही, बीपी मोजू द्यायचं नाही. कापायचं नाही, भाजायचं नाही, खरचटू द्यायचं नाही. मातीत हात घालायचा नाही. जनावरांच्या नखांपासून जपायचं. नाताळाच्या आधी माझा डावा स्तन काढला होता आणि त्याच्याबरोबर काखेतल्या गाठीही. त्या गाठी नसल्या की हाताला सूज येऊ शकते आणि एकदा आली की ती पूर्ण जात नाही, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

"घरी बागकाम वगैरे करता का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. बागकाम मी कधीच केलेलं नाही. उत्तनला डोंगरीच्या बाजूला आमची बारा-तेरा गुंठ्यांची भाजीची वाडी आहे. विहीर आहे, सात शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत. भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत मी क्लार्क होते. पपा गेले तेव्हा ती नोकरी सोडली आणि वाडी हातात घेतली. लग्न केलं नाही, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं. दहा वर्षं झाली. कोणी काय करता विचारलं की मी शेती सांगते.

ऑपरेशननंतर लाइट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज मुंबईला जावं लागायचं, म्हणून दोन महिने मी शांती नगरला धाकट्या भावाकडे राहिले. चौथा मजला, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी. भाऊ रोज ऑफिसला उशिरा जायचा आणि मला गाडीने नेऊन आणायचा. वहिनी पथ्याचं करून द्यायची. त्यांच्या मायेत मी काहीही खोट काढणार नाही. पण त्या दोन महिन्यांत माझ्याशी सगळे एका विशिष्ट आवाजात बोलायला लागले. लहान मुलाला औषध पाजताना आपण काढतो ना, तसा आवाज. मला तो सहन व्हायचा नाही.

राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी मी घरी आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि आधी गोठ्याकडे गेले. शेळ्या मोजल्या. पाच.

आई दाराशी बसली होती. आईचं वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत.

"दोन कुठेत?"

"त्यानं विकल्या. मी नको बोलली. माझं ऐकतो कोण?"

वाडीत वालाचे वेल वाळून काड्या झाले होते. मुळ्याचा वाफा फुलावर गेला होता. शेजारच्या गल्लीतली माझी शाळेतली मैत्रीण रोज येऊन शेळ्यांना पाणी-पाला करत होती. ती स्वतः पहाटे मासळी घेऊन बाजारात बसायची, त्यातून वेळ काढून. तिला भाजीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. भावाने मात्र सगळं ठरवून टाकलं होतं, हे आईकडूनच कळलं. उरलेल्या शेळ्या ईस्टरच्या आधी द्यायच्या, कोंबड्या वाटून टाकायच्या, वाडी यंदा पडीक. मला यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्याला फोन लावला.

"तुझ्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. "तुला टेन्शन नको म्हणून बोललो नाही."

"माझ्या शेळ्या विकल्यास तू."

"ताई, डॉक्टरचा कागद मी पण वाचलाय."

"मग डॉक्टरला विक," मी म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर वाटलं, याला काही अर्थ नाही. पण त्या वेळी तेवढंच सुचलं.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मिस्साला गेले. फादरनी कपाळावर राख लावली आणि माणसाची माती होते त्याची आठवण करून दिली. एरवी मी ते खाली मान घालून ऐकते. त्या दिवशी मनात आलं, होईन तेव्हा होईन, त्याआधी मला त्या मातीत दुधी लावायचाय. घरी येऊन साडी बदलली. हॉस्पिटलने दिलेली घट्ट बाही डाव्या हातावर चढवली, त्यावर पपांचा जुना लांब हातांचा शर्ट. मैत्रिणीकडून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले होते, मासळी निवडताना बायका घालतात ते. त्यांना कितीही धुतलं तरी बोंबलाचा वास जात नाही. तो वास घेऊन मी वाडीत उतरले.

आमच्याकडे उपासकाळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, म्हणजे वाडीच्या कामाचाच काळ. थंडीची भाजी काढायची, तिचे वेल-पाला वाळवून शेळ्यांना ठेवायचा. वाफे नवे करायचे, पाट साफ करायचे. उन्हाळी भाजी फेब्रुवारीच्या आत-बाहेर जमिनीत गेली पाहिजे, नाहीतर मेमध्ये ती विहिरीचं पाणी पिते आणि काही देत नाही. हे सगळं मला पाठ होतं. फक्त आतापर्यंत ते मी दोन हातांनी केलं होतं.

कुदळ उचलून पाहिली. एका हाताने कुदळ मारता येत नाही, मारली की ती आपल्याच पायाकडे येते. मग खुरपं घेतलं आणि सरळ जमिनीवर बसले. बसल्या बसल्या उजव्या हाताने खणायचं, एक वीत पुढे सरकायचं, पुन्हा खणायचं. जो वाफा मी एका सकाळी करायची, त्याला चार दिवस लागले. दुसऱ्या दिवशी मी रडले, हेही सांगून टाकते. दुखत होतं म्हणून नाही. इतकं हळू चाललं होतं म्हणून.

आई ओट्यावरून बघत होती. तिने एकदाही "राहू दे" म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी ती आतून एक बाटली घेऊन आली, राखेत घोळवून ठेवलेल्या बियांची. दुधी, शिराळी, काकडी वेगळी काढली, ओल्या फडक्यात बांधली आणि चुलीजवळ ठेवली.

"मोड आले की सांगते," ती म्हणाली. "खड्डे तयार हायत का?"

"न्हाय," मी म्हणाले.

"मग उठ."

माझ्याशी जुन्या आवाजात बोलणारी ती एकटीच होती.

खड्ड्यांत शेळ्यांची लेंडी आणि कुजवलेल्या मासळीचं खत घातलं. प्रत्येक आळ्यात तीन-तीन मोडाच्या बिया लावल्या. भेंडी आणि लाल माठ वाफ्यात. मग आला मांडवाचा प्रश्न. वेल चढवायला बांबूचे खांब आणि वर आडव्या काठ्या लागतात. पपांचा मांडव उंच असायचा, खालून माणूस ताठ चालत जाईल इतका. माझा डावा हात तेव्हा खांद्याच्या वर जात नव्हता. हॉस्पिटलच्या व्यायामवाल्या बाईने सांगितलं होतं की रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. मला भिंतीसमोर उभं राहायचा कंटाळा. मी मैत्रिणीला बोलावून खांब पुरून घेतले आणि बोटं खांबावर चालवायला लागले. जिथवर हात पोचेल तिथे एक सुतळीची गाठ. दुसऱ्या दिवशी अंगठाभर वर दुसरी. असं करत पंधरा दिवसांनी हात माझ्या कानाच्या पातळीला आला. बिया उगवल्या होत्या, वेल थांबणार नव्हते. मी आडव्या काठ्या कानाच्या पातळीला बांधल्या.

मैत्रीण कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काय गो, हा मांडव हाय की कोंबड्यांचा खुराडा?"

"यंदा मांडव ठेंगणाच," मी म्हणाले. "दुधीला काय, तो खालीच लोंबतो."

त्याच सुमारास एक कोंबडी खुडूक झाली. आईने टोपलीत राख आणि पेंढा घालून अकरा अंडी तिच्याखाली ठेवली. शेळ्यांना पावसाच्या आधी जंताचं औषध द्यायचं असतं, खूर कापायचे असतात. शेळी गुडघ्यांत धरायची, एका हाताने जबडा उघडायचा, दुसऱ्याने औषध ओतायचं. याला तीन हात असले तरी कमीच. मी आणि मैत्रिणीने मिळून ते केलं. एका दुपारी चार शेळ्या आणि दोन बायका, सगळ्यांच्या अंगावर औषध. पाचवीला दिलं नाही, ती गाभण होती. पोट दोन्ही बाजूंनी सुटलेलं, ईस्टरच्या आसपास विणार हे दिसत होतं. ही शेळी करडी, एका शिंगाने वाकडी आणि स्वभावाने भांडकुदळ. मला तीच सगळ्यांत आवडते.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी भाऊ आला. नेहमीसारखा स्कूटरवर नाही, टेंपो घेऊन. टेंपोत एक माणूस होता, हातात दोर. मी गोठ्याच्या दारात पाला टाकत होते.

"ताई, तू आत जा," भाऊ म्हणाला. "आम्ही बघतो."

"काय बघताय?"

"ईस्टरच्या आधी द्यायच्या, हे ठरलंय माझं. किती दिवस असं चालणार? परवा तुझ्या वहिनीला ती मैत्रीण भेटली, ती सांगत होती तू जमिनीवर बसून खणतेस. लोक काय म्हणतील मला?"

"म्हणतील की ही बसून खणते."

तो माणूस दोर घेऊन पुढे आला. "दीदी, भाईसाब ने बोला था पाँच हैं। गाभन वाली भी चलेगी।"

मी गोठ्याचं फाटक लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. फाटक जेमतेम माझ्या कमरेइतकं. त्या माणसाने मला नुसतं बाजूला केलं असतं तरी मी बाजूला झाले असते, इतकी माझ्यात ताकद नव्हती. पण त्याला ते माहीत नव्हतं.

"भाईसाब की एक भी नहीं है," मी म्हणाले. "सब मेरी हैं। बिकाऊ नहीं हैं।"

तो भावाकडे बघायला लागला. भाऊ माझ्याकडे. त्याचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं रागाने, पण तो रडायच्या बेतात होता.

"तुला परत काही झालं तर?" तो म्हणाला. "मी दोन महिने रोज तुला घेऊन गेलोय तिकडे. त्या बाकावर बसलोय. पुन्हा नाही जमणार मला."

"झालं ते शेळ्यांमुळे झालं का?"

"नाही."

"मातीमुळे?"

"नाही, पण..."

"मग त्यांना कसली शिक्षा? आणि मला? तिकडे त्या मशीनखाली पडायचे ना रोज, तेव्हा अजिबात हलायचं नसतं. मी तिथे मनात वाफे मोजायचे. पाटाच्या उजवीकडे सहा, डावीकडे चार. रोज. तू बाकावर बसायचास, मी वाडीत असायचे. आता बरी होऊन आले तर वाडीच नाही म्हणतोस."

आई मागून म्हणाली, "टेंपो परत ने. माझी पोर घालवू नकोस." तिला पोर कोणाला म्हणायचं होतं, मला की शेळीला, हे आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

टेंपो गेला. भाऊही गेला, चहा न घेता. पुढचे दोन रविवार आला नाही.

करडी शेळी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, व्याली. दुपारी तीनच्या सुमाराला, जेव्हा सगळा गाव चर्चमध्ये असतो. मीही साडी नेसून तयार होते. आईला रिक्षात बसवायची म्हणून बाहेर आले तर गोठ्यातून वेगळाच आवाज. शेळी आडवी पडून कळा देत होती, आणि एकच पाय बाहेर दिसत होता. करडू नीट येतं तेव्हा दोन्ही पुढचे पाय आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक असं येतं. इथे एक पाय मागे दुमडलेला होता. अशाने करडू अडकतं आणि शेळीही जाते. मैत्रीण चर्चमध्ये. जनावरांच्या डॉक्टरचा फोन बंद.

आईने रिक्षा परत पाठवली. शेळीच्या डोक्याशी येऊन खाली बसली, गुडघे कसे वाकले तिचं तिला माहीत, आणि शेळीचं तोंड मांडीवर घेतलं.

"हात घाल," म्हणाली.

मी डाव्या हातात रबरी मोजा चढवला, उजवा हात साबणाने कोपरापर्यंत धुतला, खोबरेल लावलं. कळ ओसरली तसं करडाचं डोकं हळूच मागे ढकललं. आत बोटांनी चाचपत दुमडलेला गुडघा सापडला, त्याच्यामागे बोट अडकवून पाय पुढे काढला. लिहिताना हे एका वाक्यात झालं. तेव्हा माझ्या कपाळावरचा घाम शेळीच्या पाठीवर पडत होता आणि ती ओरडत होती. पाय आला, नाक आलं. मग ओढायला एक हात पुरेना, सगळं बुळबुळीत. डाव्या हातात रबरी मोजा होता, तो सारखा निसटत होता. मी तो काढून फेकला, घट्ट बाही कोपराच्या वर सारली आणि दोन्ही हातांनी धरलं. पुढची कळ आली. शेळीने लाथ झाडली, खूर माझ्या डाव्या हातावर मनगटापासून वर खरवडत गेला. मी सोडलं नाही. करडू बाहेर आलं.

निपचित पडलं होतं. नाकातला चिकटा बोटाने काढला, पेंढ्याची काडी नाकात घातली, गोणपाटाने पाठ घासली. ते शिंकलं. आई मोठ्याने हसली, उत्तम शुक्रवारी आमच्या घरात कोणी हसलेलं मला आठवत नाही. दुसरं करडू मागोमाग आलं, सहज आलं, पण मेलेलं होतं. त्याला मी नंतर केळीखाली पुरलं.

जखम धुतली, औषध लावलं. शनिवारी रात्री हात गरम लागायला लागला. रविवारी, ईस्टरच्या मिस्साला, तो लाल होऊन कोपरापर्यंत फुगला होता आणि मला थंडी वाजत होती. मी लपवलं नाही. भावाला स्वतः फोन केला. तो वीस मिनिटांत आला आणि गाडीत बसवून हॉस्पिटलला घेऊन गेला.

त्याच डॉक्टरीणबाई ड्युटीवर होत्या.

"हे कशाने?"

"शेळी अडली होती. खूर लागला."

"तुम्ही तर बागकाम करत नाही म्हणाला होतात."

"बागकाम नाहीच करत. शेती करते."

त्या चांगल्याच चिडल्या. जंतू रक्तात गेले असते तर काय झालं असतं, ते त्यांनी सविस्तर सांगितलं आणि ते सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं. तरी त्या दुपारी मी हात मागे घ्यायला हवा होता असं मला एकदाही वाटलं नाही. आजही वाटत नाही. हेच मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेन उघडलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी लांब मोजे घाला, जनावरांचे डॉक्टर घालतात ते, खांद्यापर्यंतचे. आणि खरचटलं तर दोन दिवस वाट बघत बसू नका. त्याच तासाला या." त्यांनी कागदावर ते लिहूनही दिलं.

सहा दिवस ॲडमिट होते. इंजेक्शनं उजव्या हातात. त्या सहा दिवसांत वाडीला पाणी भावाने घातलं, रजा काढून. तिथून मला फोन यायचे.

"शिराळ्याला किती वेळ पंप चालू ठेवायचा?"

"आळं भरलं की बंद."

"आळं म्हणजे कुठलं?"

भेंडीच्या वाफ्यात त्याने इतकं पाणी सोडलं की एक ओळ कुजली. करडाला मात्र तो रोज उचलून आईच्या ओट्यावर आणायचा, हे मैत्रिणीने मला सांगितलं. त्याने स्वतः कबूल केलेलं नाही. त्याचं मतही बदललेलं नाही. अजून दर रविवारी तो म्हणतो की एवढ्या शेळ्या कशाला, दोन ठेव. मी म्हणते बघू. पण टेंपो परत आला नाही, आणि मला न विचारता त्याने फाटकाला हात लावलेला नाही.

एप्रिलच्या शेवटी दुधी आणि काकडी बाजारात नेण्याइतकी आली. भाईंदर पश्चिमेला मैत्रिणीच्या शेजारी बसून मी विकली, ती मासळी, मी भाजी. मी उजव्या हाताने तराजू धरला, माल तिने घातला. दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या झाल्या.

हाताची सूज मात्र पूर्ण उतरली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. डावा हात उजव्यापेक्षा जाड आहे, संध्याकाळी जड होतो, झोपताना उशीवर उंच ठेवावा लागतो. जुन्या ब्लाउजांच्या बाहीत तो जाईना. मेमध्ये मी चार नवे शिवायला टाकले. शिंपी वीस वर्षांपासूनचा ओळखीचा, मापं त्याच्या वहीत लिहिलेली. त्याने टेप लावली, पुन्हा लावली, आणि चष्म्यावरून बघत हळूच म्हणाला, "बाई, दोन्ही बाह्या मोठ्या मापाच्या करतो. म्हणजे फरक कळणार नाही कोणाला."

"उजवी उजव्याच्या मापाची करा," मी म्हणाले, "आणि डावी डाव्याच्या."

"दिसेल हो."

"दिसू दे."

त्याने वहीत जुनं माप खोडलं आणि दोन वेगळे आकडे लिहिले. मी कापड त्याच्याकडे ठेवलं आणि निघाले, कारण चार वाजले होते आणि शेळ्यांचा पाला अजून कापायचा होता.